बांधावरचा

"तेवढं 'कारण' काढा, साहेब. बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं ठेवते."

"'कारण' काढलं तर मग उरलं काय? भाजीतलं मीठ काढायला सांगतेस तू."

"ते मीठ मथुराबाईंनी टाकलेलं नाही."

"मी टाकतोय. माझ्या पक्षकारासाठी मी टाकतोय. वकील मी आहे, का तू?"

"तुम्हीच. पण वर लिहिलंय 'साक्षीदार क्रमांक चारच्या बयानाचा सार', आणि शेजारी आकडा आहे, परिच्छेद अकरा. वाचणाऱ्याला वाटणार, हे ती बाई बोलली. अकराव्यात ती असं बोललेलीच नाही."

मधुकर महाजन वकिलांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. बुरहानपूरच्या कोर्टात हा चष्मा पुसण्याचा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो झाला की समोरच्या साक्षीदाराची खैर नसे. पण इथं समोर साक्षीदार नव्हता. समोर कॉम्प्युटर होता आणि त्याच्यामागे पूर्णिमा बसली होती. गेली कित्येक वर्षं ती त्यांच्या ऑफिसात बयानांचे सार काढत होती आणि एवढ्या वर्षांत तिनं साहेबांना एका शब्दासाठीही अडवलं नव्हतं.

भांडण एका वाक्यावरून होतं. ते असं: 'मथुराबाईंनी न्यायालयातही देवरामचं नाव घेतलं नाही, कारण त्यांनी त्याला तिथं पाहिलेलंच नव्हतं.' वाक्याचा पहिला अर्धा भाग बयानात होता. दुसरा अर्धा साहेबांनी आज सकाळी चहा पिता पिता सांगितला होता, आणि पूर्णिमाची बोटं स्वल्पविरामापाशी थांबली ती थांबलीच.

खटला खुनाचा होता, आरोपी देवराम साहेबांचा पक्षकार. गुरुवारी शेवटची बहस, म्हणजे अखेरचा युक्तिवाद, व्हायची होती. ज्या जजसाहेबांसमोर मथुराबाई उभ्या राहिल्या त्यांची बदली झाली होती, नव्यांनी त्या म्हातारीला कधी पाहिलंच नव्हतं, आणि आता पाहण्याची सोयही उरली नव्हती. मथुराबाई थंडीत वारल्या होत्या. बाईंचं कोर्टात जे काही उरलं होतं ते कागदावरचं. आणि एवढे सगळे कागद वाचायला कुणाला वेळ असतो? लेखी बहसेला जोडलेला सार तेवढा वाचला जाणार. तेव्हा पूर्णिमा जे टाइप करील तेच मथुराबाई बोलल्या असं होणार होतं.

पूर्णिमा माहेरची नेपानगरची. वडील कागदाच्या कारखान्यात होते, त्यामुळे घरात कोऱ्या कागदाचा दुष्काळ कधी पडला नाही; लिहायचं काय, एवढाच प्रश्न असायचा. लग्न होऊन ती बुरहानपूरच्या बुधवाऱ्यात आली. काही दिवस एका खाजगी शाळेत शिकवलं, शाळा बंद पडली, मग टायपिंगचं काम मिळतंय म्हणून या माडीवरच्या ऑफिसाचा जिना चढली. खाली कापडाचं दुकान आणि मागच्या गल्लीत पॉवरलूमचा दिवसभर खडखडाट. साहेबांनी पहिल्याच दिवशी एक जाडजूड बयान तिच्यापुढे टाकलं आणि यातलं कामाचं तेवढं काढ म्हणाले. तिनं मन लावून आपल्या बाजूचं सगळं वेचून सुंदर अक्षरात लिहून नेलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "ही तर लग्नपत्रिका झाली. सगळेच आनंदी. यात आपलं दुखतंय कुठं?"

तेव्हापासून ती प्रत्येक बयानाचे तीन रकाने करायची. साक्षीदार आपणहून काय बोलला ते पहिल्यात. जिरहेत, म्हणजे समोरच्या वकिलानं उलटसुलट विचारल्यावर, काय बोलला ते दुसऱ्यात. आणि तिसऱ्याला ऑफिसात 'दुखतं' म्हणायचे. आपल्याला जे अडचणीचं, ते समोरच्यानं काढायच्या आत आपल्याला ठाऊक हवं, हे साहेबांनीच शिकवलं होतं. बाकीचेही नियम त्यांचेच. 'आठवत नाही' म्हणालेल्याचं 'नाही' करायचं नाही. साक्षीदार खोटं बोलतो असं लिहायचं नाही, 'तो असं म्हणतो' एवढंच. आपलं विशेषण एकही नको. आणि प्रत्येक ओळीला परिच्छेदाचा आकडा, म्हणजे कुणीही बोट ठेवलं की खाली मूळ सापडलं पाहिजे.

घरी सासूबाईंना हे काम काय ते कधी नीट समजलं नाही. सुरुवातीला कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, सून वकिलाकडे सार करते. शेजारणीनं विचारलं होतं, टमाट्याचं का? सासूबाईंनी तोंड फिरवून सांगितलं, तिच्या हातचं टमाट्याचं तरी कुठं धड होतं.

नियम साहेबांचे, पण पद्धत पूर्णिमाची स्वतःची होती. कोर्टाच्या कागदावर सगळे एकाच आवाजात बोलतात. दूधवाला, डॉक्टर, हवालदार, सगळ्यांच्या तोंडी तीच सरकारी हिंदी, कारण जजसाहेब सांगतात आणि टायपिस्ट उतरवतो. असं कागदावर गुळगुळीत झालेलं बोलणं ती परत ज्याचं त्याच्या तोंडात घालायची. जमेल तेव्हा कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायची, माणूस कसा बोलतो ते ऐकायची. मग ऑफिसच्या आतल्या खोलीत दार लोटून ते बयान त्या माणसाच्या आवाजात, त्याच्या बोलीत मोठ्यानं वाचायची. जिथं जीभ अडखळेल तिथं कागदात काहीतरी खडा आहे असं समजायचं. खालचा कापडवाला जिन्यात भेटला की विचारायचा, "काय भाभी, आज वर कोण आलं होतं? हवालदार होता का?"

आणि सार टाइप होऊन कागदांना टाचणी लागली की तो आवाज निघून जायचा. मागे राहिलाय असं कधी झालं नव्हतं.

मथुराबाईंची साक्ष झाली तेव्हा ती मागच्या बाकावर होती. जसोंडीची बाई. अंगानं वाळलेली, नऊवारीचा पदर कानामागे खोचलेला, पण आवाज खणखणीत. कठड्याला धरून उभी राहिली आणि सगळं सरळ सांगत गेली. त्या आठवड्यात मोटारीला लाईट पहाटेची होती. मयूर, त्यांचा एकुलता एक मुलगा, केळीला पाणी धरायला गेला. त्या चहा घेऊन मागून निघाल्या. बागेच्या तोंडाशी पोहोचतात तो आतून बांधावरचा बाहेर आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फावडं. त्यांच्याकडे बघितलं आणि कापसातून निघून गेला. आत मयूर पाण्याच्या पाटात पडलेला होता. पाटातलं पाणी तसंच पुढं चाललं होतं.

"बांधावरचा म्हणजे कोण?" सरकारी वकिलानं विचारलं. त्याच्या हातात त्या दिवशी आणखी बरीच बयानं होती आणि त्याचा डोळा घड्याळावर होता.

"बांधावरचा, साहेब. ज्याचं आमच्याशी पान्याच्या पाळीवरून व्हायचं तो."

"नाव सांगा ना, बाई. नाव काय त्याचं?"

मथुराबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि खाली बघितलं. त्यानं परत विचारलं. त्या गप्पच. जजसाहेबांनी सांगितलं, टायपिस्टनं उतरवलं: साक्षी मौन रही. सरकारी वकील पुढच्या प्रश्नावर गेला.

देवराम त्या दिवशी कोर्टात नव्हताच. जेलमध्ये तापानं पडला होता, आणि साहेबांनी त्याच्यावाचून साक्ष चालवायला हरकत घेतली नव्हती. हरकत का घेतली नाही ते पूर्णिमाला ठाऊक होतं: समोर माणूस नसला तर बोट दाखवता येत नाही. मग साहेब उठले आणि चष्मा पुसला.

त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. बांधाला लागून किती जणांची शेतं, तर तिघांची. पोलिसांना तुम्ही देवरामचं नाव सांगितलं का? नाही. रिपोर्टमध्ये नाव पुतण्यानं लिहून दिलं, तो तिथं होता का? नव्हता. आज इथं कोर्टात देवरामचं नाव तुम्ही घेतलं का? नाही. साहेब देवराम म्हणायचे तसतसा मथुराबाईंचा हात वर जायचा आणि पदर बोटभर पुढं यायचा. शेवटी तर चेहरा दिसेनासा झाला. म्हातारी काळ्या कोटांना बुजली, असं सगळ्यांनी धरलं. पूर्णिमानंही तेच धरलं. कोर्टातून परतताना साहेबांनी ऑफिसातल्या सगळ्यांसाठी मावा जलेबी घेतली. पूर्णिमानं दोन खाल्ल्या.

त्यानंतर थंडीत बाई गेल्याचं कळलं आणि फाइल कपाटात पडून राहिली. चैत्रात ती बाहेर निघाली. शेवटच्या बहसेसाठी सगळ्या साक्षींचे सार हवे होते, आणि एका दुपारी दार लोटून पूर्णिमा मथुराबाईंचं बयान वाचायला बसली.

आवाज लगेच आला. इतका पटकन कुणाचाच आला नव्हता. जणू बाई दाराशीच उभ्या होत्या. मयूरचं नाव आलं, पुतण्याचं आलं, पंचनाम्याला आलेल्या हवालदाराचंही आलं, बैलाचं नावसुद्धा बाईंनी कोर्टाला सांगितलेलं होतं. जीभ कुठं अडली नाही. अकराव्या परिच्छेदाशी मात्र ती थांबली. 'मैंने देवराम का नाम नहीं लिया', हे त्या बाईच्या तोंडात घालायचं तर मधलं नाव उच्चारायला हवं, आणि ते काही केल्या उठेना. पूर्णिमानं पाणी पिऊन परत सुरुवात केली. पुन्हा तिथंच. आणि मग तिचं लक्ष गेलं की आपला उजवा हात वर गेलाय आणि ओढणी डोक्यावर आलीय.

तिनं त्या दिवशी काम तिथंच सोडलं. पण आवाज सोडून जाईना. दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात केळीच्या गाडीवाल्यानं कुणा देवरामला गाडी मागं घ्यायला सांगितलं, आणि भर उन्हात, गर्दीत, मेथीची जुडी हातात असताना तिचा हात डोक्याकडे गेला. भाजीवालीनं हसून विचारलं, "सासरे आले का काय, बाई?" पूर्णिमा पैसे देऊन जुडी तिथंच विसरून आली. घरी कणीक मळताना, नळावर बादली लावताना, पॉवरलूमच्या खडखडाटात, कुठंही तो खणखणीत आवाज कानाशी यायचा. रडत नव्हता, रागावतही नव्हता. एकच म्हणायचा: तुले तं माहीत हाय.

काय माहीत आहे? तिला काहीच माहीत नव्हतं. त्याचाच तर त्रास होता.

मग एका सकाळी सासूबाईंनी सांगितलं की सुट्टीच्या वारी नळ येणार नाही, आदल्या दिवशीच पाणी भरून ठेव. पूर्णिमानं मान डोलावली आणि पोळी तव्यावर तशीच राहिली. सुट्टीचा वार. लग्न होऊन आल्यापासून ती हे ऐकत होती. सासऱ्यांचं नाव रविशंकर, म्हणून सासूबाईंनी जन्मात रविवार म्हटलं नव्हतं. घरात सगळ्यांना त्याची इतकी सवय की आता कुणाच्या कानालाही ते लागत नव्हतं. नातवंडंसुद्धा आजीशी बोलताना सुट्टीचा वार म्हणत.

तिनं पोळी उतरवली आणि विचारलं, "आई, आणि तुमच्या सासऱ्यांचं नाव?"

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं चारचौघांत त्यांचं लुगडं ओढलं. "नवऱ्याचं एक वेळ उखाण्यात घेता येतं. सासऱ्याचं कुठं घेतात?"

"आणि त्याच नावाचा गावात दुसरा कुणी असला तर?"

"मग काय झालं? नाव तेच ना. आमच्या गल्लीत होता एक, त्याला मी जन्मभर चक्कीवाला म्हटलं. मेला तरी चक्कीवालाच." आणि बोलता बोलता, त्या चक्कीवाल्याचं न घेतलेलं नावही कुणी ऐकेल असं वाटून की काय, त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

ऑफिसात येऊन पूर्णिमानं फाइल उघडली. शेतीचा उतारा आपल्याच बाजूनं लावलेला होता, बांधाला तिघांची शेतं आहेत हे दाखवायला. तिनं एकेका नावावरून बोट खाली नेलं. काय सापडणार ते तिला उघडण्याआधीच ठाऊक होतं. मथुराबाईंच्या नवऱ्याच्या नावावर शेत होतं. भाईदास वल्द देवराम.

बाईचा सासरा देवराम. म्हणून शेजारचा देवराम आयुष्यभर बांधावरचा. पोलिसांपुढे बांधावरचा, कोर्टात बांधावरचा, पोटच्या पोराचा मुडदा पाटात पडला तेव्हाही बांधावरचा. घरच्यांना सवय, त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. कोर्टातल्यांना सवय नाही, त्यांना विचारायचं सुचलं नाही. आणि जी एकटी दोन्हीकडची होती ती मागच्या बाकावर बसून बघत होती आणि नंतर जलेबी खात होती.

तिनं तिसऱ्या रकान्यात, अकराच्या समोर, ते लिहून टाकलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाले की सरकारी वकिलाला हे सुचलं असतं तर आपलं दुकान बंद होतं. इतक्या वर्षांत कुणी एवढं बारीक काम करून दिलं नव्हतं, असंही म्हणाले. ती शाबासकी पूर्णिमाला सोसेना. तो कागद त्यांनी खणात ठेवला आणि कोर्टात लावायचा वेगळा सार करायला सांगितला.

त्याच संध्याकाळी जिन्यात कविता भेटली, देवरामची बायको. जसोंडीहून आली की ती जिन्यातच बसायची. वर खुर्ची दिली तरी नको म्हणायची. तिनं पूर्णिमाचा हात धरला. "ताई, सगळं तुमच्या लिहिन्यावर हाय म्हणे. ते त्या दिवशी घरीच व्हते. अंगात ताप व्हता, मी सोता गोधडी टाकली. आजीनं तं कोर्टातही त्यांचं नाव नाही घेतलं ना?"

"कुणाचं?"

कविता लाजल्यासारखी हसली आणि खाली बघत म्हणाली, "आमच्या घरच्यांचं."

पूर्णिमानं हात सोडवून घेतला नाही. नवऱ्याचं नाव तीही घेत नव्हती; म्हणजे या बाईलाही माहीत होतं. सगळ्या जसोंडीला माहीत होतं की म्हातारी ते नाव का घेत नाही. पण माहीत असून ही पोरगी खोटं बोलतेय का? गोधडी खरंच टाकली असेल. बांधाला तिघांची शेतं खरंच आहेत, आणि पहाटेच्या अंधुकात चिखलानं भरलेला माणूस म्हातारीला दुसऱ्या कुणासारखा दिसलाही असेल. कवितानं निघताना पुन्हा नमस्कार केला. त्या रात्री आवाज आला नाही. सकाळी आला, आणि तो कुणाचा आहे हे क्षणभर पूर्णिमाला ओळखू आलं नाही, मथुराबाईंचा की कविताचा.

आणि मग आज सकाळी चहा पिता पिता साहेबांनी ते 'कारण' सांगितलं होतं.

आता साहेब शांतपणे समजावत होते, आणि शांतपणे समजावलं की ते फार बरोबर बोलायचे. ज्यानं विचारायचं त्यानं विचारलं नाही, ती त्याची चूक. ती भरून काढायचं काम आपलं नाही. आपण देवरामचे. त्याला जेलमध्ये दोन वर्षं होऊन गेली, त्याला पाहिलं असं नाव घेऊन म्हणणारं एकही माणूस नाही, आणि कायदा म्हणतो की शंका असेल तर माणूस सुटला पाहिजे. यातलं काही खोटं आहे का?

पूर्णिमानं कबूल केलं की खोटं नाही. बहस करताना साहेबांनी उभं राहून हजार वेळा म्हणावं की बाईनं पाहिलंच नाही; ते त्यांचं म्हणणं, त्यांच्या तोंडचं. पण सारात, आकडा लावून, ते बाईच्या तोंडी घालायचं नाही. नाव घेतलं नाही, एवढंच लिहावं. ते खरं आहे आणि तेवढ्यावर ते जिंकतीलही.

"आणि नाही जिंकलो तर? एका शब्दासाठी?"

"एका शब्दासाठी नाही, साहेब. ती बाई मेली. आता तिला परत उभं करून विचारता येत नाही. माझ्याकडे तेवढंच तिचं शिल्लक आहे."

"तुझ्याकडे?" साहेब हसले, पण हसू पुरं आलं नाही. "पूर्णिमा, तुझं हे नाटकी वाचणं मी इतकी वर्षं चालवून घेतलं. खालचा दुकानदार मला विचारतो, तुमच्याकडे भूत पाळलंय का. बरं, चल. होऊ दे आज. तू तिच्या आवाजात बस. मी विचारतो. काय निघतं ते आपण दोघं ऐकू, आणि जे निघेल ते टाइप कर."

ते थट्टेनं म्हणाले होते, पण उठून खुर्चीमागे उभे राहिले, कोर्टात राहतात तसे, खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकवून. पूर्णिमानं नको म्हणायला हवं होतं. तिनं कागद पालथा घातला. तिला तो लागत नव्हता.

साहेबांनी नाव विचारलं, गाव विचारलं. ती बोलली. खालचा कापडवाला गिऱ्हाइकाला काही दाखवत होता, तो बोलायचा थांबला. साहेबांनी विचारलं, त्या पहाटे लाईट किती वाजता आली. तिनं सांगितलं की घड्याळ नाही पाह्यलं साहेब, मोटारीचा आवाज आला म्हनून उठली. हे बयानात कुठंच नव्हतं. साहेबांची भुवई उचलली गेली, तरी ते पुढं गेले. चहा कशात नेला? किटलीत. ती किटली कुठं गेली मग? पाटात पडली, साहेब, कोनी उचलली नाही. हेही बयानात नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं, आणि पूर्णिमाला ते कुठून आलं हे कळलं नाही. घसा तिचा होता, पण शब्द पुढं धावत होते.

साहेबांचा आवाज मऊ झाला, त्या दिवशीसारखा.

"बाई, देवरामला तुम्ही तिथं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर नाव घेतलं असतं. बरोबर आहे ना?"

पूर्णिमानं खाली बघितलं.

पंखा फिरत होता. मागच्या गल्लीतले लूम चालू होते. साहेब थांबले. चाळीस वर्षांच्या वकिलीत ते साक्षीदारांच्या गप्प राहण्याला कधी घाबरले नव्हते. गप्प राहणं म्हणजे त्यांच्या बाजूचं उत्तर. त्यांनी प्रश्न परत विचारला. दुसऱ्यांदा विचारताना मधलं नाव त्यांच्या तोंडात कसंनुसं झालं, अर्धवटच बाहेर आलं. समोरची बाई ओढणी कपाळाखाली ओढून तशीच बसून होती, आणि त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता.

ते खुर्चीमागून पुढं आले आणि खुर्चीत बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला, पुसला नाही.

"बस झालं," ते म्हणाले. "पूर्णिमा, इकडे बघ. पूर्णिमाच आहेस ना?"

तिनं मान वर केली. डोळे तिचेच होते, थकलेले. कॉम्प्युटरवर स्वल्पविरामापुढे ती उभी रेघ लुकलुकत होती. साहेबांनी हात पुढं करून कीबोर्ड स्वतःकडे ओढला, एक अक्षर दाबलं, पुसलं. त्यांना टाइप करता येत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी वेळच आली नव्हती.

"एवढंच सांग मला," ते खालच्या आवाजात म्हणाले. वकील म्हणून विचारत नव्हते. "माझ्यापेक्षा तुला ती जास्त ठाऊक आहे. म्हातारीनं पाहिलं तो देवरामच होता का? आणि तो नसला, अन् तुझ्या त्या एका शब्दापायी आत राहिला, तर? तेव्हा कुणाचा आवाज काढशील तू?"

पूर्णिमा उठली. खुर्ची आत सरकवली, पालथा घातलेला कागद सरळ करून फाइलीत लावला आणि फाइल त्यांच्यासमोर ठेवली. पर्स खांद्याला अडकवली. दाराशी चपला घातल्या. कॉम्प्युटरवरचं वाक्य स्वल्पविरामापाशीच अर्धवट राहिलं होतं.

ती जिना उतरून गेली.